अंदमानचं धुमसणारं बेट आणि आपल्या विहिरीतला काळा पाषाण

सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी आठवड्याभरात दोनदा उसळला. जहाजावरून काढलेला त्याचा व्हिडिओ सोलापुरातही मोबाइलवरून फिरला: काळा डोंगर, माथ्यावरून उतरणारी लाल रेघ आणि वर धुराचा लोट. त्यावरच्या गप्पा थांबतात न थांबतात तोच, २३ नोव्हेंबरला इथिओपियातला हेली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर स्वार होऊन उत्तर भारताच्या आकाशात आली. काही विमानं रद्द झाली. त्याच आठवड्यात शेजारच्या मावशींनी मला जिन्यात गाठलं. हातात कडक भाकऱ्यांचं पुडकं, चेहऱ्यावर खरी काळजी. म्हणाल्या, "तुम्ही हे सगळं वाचता ना? आपलं सोलापूर पण म्हणे ज्वालामुखीवरच बसलंय. मग आपला नंबर कधी?"

प्रश्न भाबडा नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड खरोखरच लाव्हारसाचा आहे, हे मावशींनी कुठंतरी बरोबर ऐकलं होतं. पण बॅरनचा डोंगर आणि सोलापूरचा दगड यांचा रस एका जातीचा असला तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि त्या फरकाच्या मुळाशी आहे पाणी. पाण्याची किंमत सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. पण दोन हजार किलोमीटरवरच्या त्या बेटाखाली पाणी चक्क दगड वितळवतंय, हे वाचून मी स्वतः कितीतरी वेळ थक्क होऊन बसलो होतो. मावशींना जिन्यात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथं ऐसपैस लिहितो.

दिसतं ते फक्त टोक

बॅरन बेट पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर अंदमानच्या समुद्रात आहे. रुंदी जेमतेम तीन किलोमीटर. सपाट रस्ता असता तर सकाळी फिरायला निघालेला माणूस पाऊण तासात या टोकाहून त्या टोकाला पोचला असता. सर्वांत उंच जागा समुद्रपातळीपासून सुमारे ३५४ मीटर. तिथं माणसांची वस्ती नाही. एकोणिसाव्या शतकात बोटीवरून सोडलेल्या बकऱ्यांचे वंशज मात्र त्या राखेत टिकून राहिले.

साडेतीनशे मीटर म्हणजे फार काही वाटत नाही. पण हा डोंगर पाण्याखाली सुमारे २,२५० मीटर खोल समुद्रतळावरून वर आलाय. पाणी बाजूला करून बघता आलं असतं, तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो सव्वीसशे मीटर भरला असता. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या दीडपटीहून मोठा डोंगर, आणि आपण बघतो त्याची टोपी.

अशा डोंगराला स्तरित ज्वालामुखी म्हणतात. कधी पातळ लाव्हारस वाहून घट्ट झालेला थर, कधी राख आणि खड्यांचा भुसभुशीत थर, पुन्हा लाव्हारस, पुन्हा राख, असा तो चढत जातो. ज्यांनी माळवदाचं घर पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. लाकडी पाट्या, वर काड्या, वर पांढरी माती, आणि दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती. आमच्या आजोळच्या माळवदाची एक कड पडली तेव्हा ती आतून दिसली होती. प्रत्येक वर्षाची माती वेगळी, मध्ये भुशाची बारीक रेघ, कुठं पाऊस शिरून चोखलेला भाग. पन्नास वर्षांचा हिशेब त्या एका कडेत होता. ज्वालामुखीचा अभ्यास करणारे डोंगराची तुटलेली कड अशीच वाचतात. दगडाचा थर दिसला की त्या वेळी रस शांतपणे वाहिला. राख-खड्यांचा थर दिसला की तो उडाला.

बॅरनवर समुद्राबाहेर दिसणाऱ्या लाव्हारसातला मोजलेला सर्वांत जुना थर सुमारे १६ लाख वर्षांचा आहे. शिवाय आसपासच्या समुद्रतळाच्या गाळात गेल्या सत्तर हजार वर्षांतले राखेचे थर सापडलेत. डोंगरावरच्या खुणा पुढचा लाव्हारस झाकून टाकतो, पण गाळात पडलेली राख तिथंच दबून राहते. म्हणून समुद्राच्या गाळातली नोंद जास्त सलग मिळते.

ओली चादर आणि काळ्या रानातलं ढेकूळ

आता मूळ प्रश्न. तिथं खाली आग लागते कशी?

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. त्याचे मोठाले तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. आपला देश ज्या भूपट्टावर आहे, त्याची पूर्वेकडची, समुद्राखालची कड अंदमानच्या पश्चिमेला शेजारच्या भूपट्टाखाली शिरते. वर्षाला काही सेंटीमीटर, पण लाखो वर्षं न थांबता.

ती खाली का जाते? हौदाच्या कठड्यावर सोलापुरी चादर टाकून बघा. एक टोक पाण्यात भिजू द्या. भिजलेलं टोक जड होतं, खाली ओढतं आणि कठड्यावरची कोरडी चादर हळूहळू मागोमाग सरकत जाते. कुणी ढकलावं लागत नाही. समुद्राखालचा जुना भूपट्ट थंड आणि जड असतो. त्याचं बुडालेलं टोक उरलेल्याला असंच खाली खेचतं.

आणि तो चादरीसारखाच ओला असतो. कोट्यवधी वर्षं समुद्राखाली राहिल्यामुळं त्याच्या भेगांमध्ये आणि खनिजांमध्ये पाणी मुरलेलं असतं. साधारण शंभर किलोमीटर खोल गेल्यावर दाब आणि उष्णतेनं ते पाणी पिळून निघतं आणि वरच्या दगडात शिरतं. वरचा दगड आधीच प्रचंड तापलेला असतो, तरी घन असतो, कारण वितळायला लागणारी उष्णता त्याहूनही जास्त असते. पाणी शिरल्यावर दगडाचा वितळण्याचा अंशच शेकडो अंशांनी खाली येतो. उष्णता वाढलेली नसते, तरी दगड वितळायला लागतो.

पाण्यानं दगड वितळतो हे पटायला जड जातं. मलाही गेलं. मग आठवलं ते मे महिन्यातलं काळं रान. त्या वेळी नांगरटीचं ढेकूळ कुदळीनं फुटत नाही, पायाला धोंड्यासारखं लागतं. एक वळवाचा पाऊस झाला की तेच ढेकूळ बोटानं दाबलं जातं. पाणी मातीच्या कणांना धरून ठेवणारी पकड सैल करतं. दगडाच्या बाबतीत ती पकड खनिजांच्या आतली असते आणि तिथली उष्णता हजार अंशांच्या पुढची असते, म्हणून उपमा तंतोतंत नाही. पण पकड सैल होण्याची गोष्ट तीच आहे.

वितळलेल्या त्या दगडाला जमिनीच्या आत असेपर्यंत शिलारस म्हणतात, बाहेर आला की लाव्हारस. भोवतालच्या दगडापेक्षा तो हलका असल्यानं वर चढतो. अशा ज्वालामुखींची मोठी रांगच आहे: इंडोनेशियातलं जावा, सुमात्रा, पुढं अंदमानच्या समुद्रातलं बॅरन आणि नारकोंडम, तिथून म्यानमारपर्यंत. सुमात्रा आणि म्यानमार यांच्या मधल्या पट्ट्यात माणसानं नोंद ठेवल्यापासून फुटलेला एकमेव ज्वालामुखी म्हणजे बॅरन.

आमटी, पिठलं आणि उडणारे धोंडे

काही ज्वालामुखी नुसते वाहतात, काही बॉम्बसारखे फुटतात. का? याचं उत्तर चुलीपाशी आहे.

आमटी उकळते तेव्हा बुडबुडे भराभर वर येतात आणि फुटून जातात. आमटी पातळ असते, त्यांना वाट मिळते. पिठलं शिजताना मात्र बुडबुडा वर येतो, अडकतो, फुगतो आणि फट्‍दिशी फुटून पिठल्याचा गोळा हातावर उडतो. माझ्या आईच्या उजव्या मनगटावर असे कितीतरी बारके डाग आहेत. पिठलं रटरटायला लागलं की ती पातेल्यावर आडवं झाकण धरून लांबून ढवळते. चूल तीच, आच तीच. फरक पडतो तो घट्टपणानं.

शिलारसाचा घट्टपणा मुख्यतः सिलिकावर ठरतो. वाळूत आणि काचेत असतं तेच हे द्रव्य. सिलिका वजनानं निम्मी असेल तर रस आमटीसारखा, साठ-सत्तर टक्क्यांवर गेली की घट्ट पिठल्यासारखा. आणि बुडबुडे कसले? बहुतांश पाण्याच्या वाफेचे. खाली दगड वितळवणारं तेच पाणी रसात मुरून वर येतं, आणि दाब कमी झाला की वाफ होऊन बाहेर पडू बघतं. पाण्याची वाफ झाली की तिला हजार पटीहून जास्त जागा लागते. रस घट्ट आणि वाफ भरपूर, असं जिथं जुळतं तिथं डोंगराचा माथा उडतो.

बॅरनचा रस या दोन्हींच्या मधला, पण पातळाकडं झुकणारा आहे. म्हणून त्याचे बहुतेक उद्रेक ठरावीक थाटाचे: थोड्याथोड्या वेळानं धडधड, राखेचा लोट, लालभडक खडे कारंज्यासारखे वर, आणि कधीमधी एखादा लाव्हारसाचा ओघ उतारावरून समुद्रात. इटलीजवळ स्ट्राँबोली नावाचं असंच एक बेट आहे. ते दोन हजार वर्षांहून जास्त काळ रात्री-अपरात्री असं चमकत आलंय, म्हणून खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणायचे. या थाटाच्या उद्रेकाला त्याच बेटाचं नाव पडलंय.

गुऱ्हाळाची काहील

बॅरन कायम असा मवाळ नव्हता. बेटाच्या मधोमध सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा आहे आणि त्याच्या कडा अडीचशे ते साडेतीनशे मीटर उंच आहेत. पश्चिमेकडची कड फुटलेली, समुद्राकडं उघडी. अशा खड्ड्याला इंग्रजीत आणि शास्त्रात कॅल्डेरा म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ काहील. आपल्या जिल्ह्यात ज्यानं गुऱ्हाळ पाहिलंय त्याला तो आकार वेगळा सांगायला नको.

ही काहील हजारो वर्षांपूर्वीच्या एका भयंकर उद्रेकातली आहे. पोटातला रस एकदम बाहेर फेकला गेला, खाली पोकळी झाली आणि वरचं छत आत बसलं. त्या वेळी तापलेली राख, वायू आणि दगड यांचे लोंढे उतारावरून धावले. त्यांचे थर आजही कड्यांत दिसतात. नंतर काहिलीच्या मध्यभागी नवा छोटा शंकू वाढत गेला. व्हिडिओत आपण जे धुमसताना बघितलं ते या शंकूचं तोंड. पश्चिमेची कड फुटलेली असल्यामुळं लाव्हारस त्याच वाटेनं समुद्राला मिळतो.

लेखी नोंदी १७८७ पासूनच्या. १७८९ मध्ये अंदमानची पाहणी करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर (पोर्ट ब्लेअर हे नाव त्याचंच) तिथून गेला, तेव्हा तीन-चार टनांचे लालबुंद धोंडे उडताना पाहिल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. मग १७९५, १८०३, १८३२. आणि पुढं सगळं चिडीचूप.

झोपला म्हणजे संपला का?

१८३२ नंतर बॅरन जवळजवळ १५९ वर्षं गप्प होता. मधल्या काळात भूवैज्ञानिक येऊन गेले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा रीतसर नकाशा झाला, काहिलीच्या कड्यांवर हिरवळ चढली. चार-पाच पिढ्यांनी त्याला शांतच पाहिलं. मार्च १९९१ च्या अखेरीस तो उठला आणि सहा महिने लाव्हारस ओकत राहिला. मग १९९४-९५. मग मे २००५ पासून तर त्याचं मधूनमधून चालूच आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जहाजावरून समुद्रतळाचे नमुने घेत होते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं राख उडवली. दिवसा राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर माथ्यावर लाल कारंजं आणि उतारावर ओघ दिसू लागले.

दीडशे वर्षं हा माणसाच्या हिशेबानं मोठा काळ. १६ लाख वर्षांच्या डोंगराला तो डुलकीएवढाही नाही. म्हणून 'आमच्या आजोबांच्या काळापासून काही झालं नाही' हा पुरावा ज्वालामुखीच्या बाबतीत धरता येत नाही. खाली चादर सरकतेय, पाणी पिळून निघतंय, तोवर तो जिवंतच.

२००५ च्या जागं होण्यामागं २६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा-अंदमानचा ९.१ तीव्रतेचा भूकंप असेल का, असं बरेच जण विचारतात. तो भूकंप याच सरकणाऱ्या सीमेवर झाला. सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची कड एका झटक्यात सुटली होती. पाच महिन्यांनी जवळचा ज्वालामुखी पेटावा, यात नातं असणं शक्य आहे. पण १९९१ साली तो असल्या कुठल्या महाभूकंपाशिवायच उठला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

अंदमानात बाराटांग बेटावरचे 'चिखलाचे ज्वालामुखी' पर्यटकांना दाखवतात. त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही. तिथं जमिनीतल्या वायूंच्या दाबानं चिखल बुडबुडत वर येतो; वितळलेला दगड तिथं नसतो.

मग आपल्या पायाखालचा दगड?

आता मावशींचा खरा प्रश्न. आमच्या गावाकडच्या शेतात विहीर खणली तेव्हा मी चौथीत होतो. आधी काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग असा काळा पाषाण की सुरुंगाशिवाय हलेना. विहीर खणणारे अण्णा म्हणाले, "थांब, आता याच्याखाली मांजऱ्या लागतो का बघ." पाषाण फुटला आणि खाली खरंच मऊ, छिद्राछिद्रांचा, राखाडी-जांभळट दगड लागला. काही छिद्रांत पांढऱ्या गारा. त्याच्याही खाली हातभर तांबडा गेरूसारखा थर. मग पुन्हा काळा पाषाण.

ते सगळं मला कळलं फार उशिरा. प्रत्येक काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाच्या एका ओघाचं पोट, सावकाश थंड झालेलं म्हणून घट्ट. मांजऱ्या म्हणजे ओघाचा वरचा भाग, वायूचे बुडबुडे वर येऊन जिथं अडकले आणि दगडात छिद्रं ठेवून गेले. आणि तांबडा थर म्हणजे दोन ओघांच्या मधली सुटी: त्या काळात ऊन-पाऊस लागून ओघाचा पृष्ठभाग कुजला आणि पुढच्या ओघानं तो भाजला. माळवदाच्या कडेसारखीच ही विहिरीची कड.

पण हा दगड बॅरनसारख्या डोंगरातून आलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून रस पुराच्या पाण्यासारखा पसरला. शाळेच्या पुस्तकात याला भेगीय ज्वालामुखी म्हटलंय. आज उरलेला दख्खनचा लाव्हा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते, पूर्वेकडं ती कमी होत जाते. किल्लारीला खोल विंधण घेतलं तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आतच लाव्हा संपून जुना खडक लागला. काही ओघ इतके पातळ आणि प्रचंड होते की ते आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. पिठल्यासारखा घट्ट रस एवढा धावूच शकला नसता. आपला दगड आमटीचा आहे, म्हणून आपल्याकडं टोकदार शंकू नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची सपाट माथ्याची डोंगरं आहेत. 'दख्खन ट्रॅप' यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला.

शिवाय हा रस पाण्यानं वितळला नव्हता. पृथ्वीच्या पोटातून तापलेल्या दगडाचा एक जाड स्तंभ वर आला. खोलवर तो दाबामुळं घन होता, वर येता येता दाब उतरला आणि वितळला. कुकरमध्ये शंभराच्या वर तापलेलं पाणी जसं दाब सोडताच उसळतं, तसं.

ती आग परत पेटेल का?

ती जागा आता आपल्याखाली नाही. तो उष्ण स्तंभ जागच्या जागी राहिला आणि आपला भूपट्ट उत्तरेला सरकत आला. चूल तिथंच राहिली, तवा पुढं गेला. ती चूल आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर लाव्हारस ओततो. आपल्यापासून कित्येक हजार किलोमीटर दूर. सोलापूरच्या खाली बुडणारी ओली चादर नाही आणि चूलही नाही. त्यामुळं मावशींना मी छातीठोकपणे सांगितलं, आपला नंबर नाही.

त्यांनी लगेच विचारलं, "मग किल्लारी?"

तो प्रश्न सोलापुरात येणारच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. आमच्या घरात फडताळातली पितळी भांडी एकापाठोपाठ एक खाली आली, तो आवाज मला अजून आठवतो. सगळी गल्ली रस्त्यावर. उजाडल्यावर लातूर-धाराशिवकडच्या बातम्या यायला लागल्या आणि मोठी माणसं बोलेनाशी झाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर 'खाली ज्वालामुखी आहे' ही भीती कित्येकांच्या मनात बसली ती बसलीच, आणि ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांना मी दोष देणार नाही.

पण किल्लारीचा भूकंप ज्वालामुखीचा नव्हता. आपला भूपट्ट उत्तरेला हिमालयाला रेटतोय. त्या रेट्याचा ताण दूरवर, जुन्या भेगांमध्ये साठत राहतो आणि कधीतरी सुटतो. वाकवलेली काठी मोडते तसा. लाव्हारस वर येताना होणारे धक्के सहसा बारके, असंख्य आणि एकाच जागी होतात. शिवाय जमीन फुगते, वायू सुटतात. त्यातलं किल्लारीत काही नव्हतं. कोकणातले गरम पाण्याचे झरेही असेच गैरसमजात सापडतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेनं तापतं आणि वर येतं. भूकंपाची भीती खरी आहे आणि घर बांधताना ती मनात ठेवलीच पाहिजे. ज्वालामुखीची भीती मात्र तिच्यात मिसळू नये.

राख इथवर येईल का?

इथिओपिया सोलापूरपासून बॅरनच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. मग तिथली राख भारतावर आली आणि बॅरनची आपल्याकडं येत नाही, हे कसं? उंची आणि वारा. हेली गुब्बीचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला. तिथं हिवाळ्यात पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. त्यांनी राख उचलली आणि लाल समुद्र, अरबस्तान करत आणली. बॅरनचा लोट बहुतेक वेळा एक-दोन किलोमीटरच चढतो. तेवढ्या उंचीवरची राख आसपासच्या समुद्रातच पडते.

विमानं मात्र एवढीतेवढी राखही टाळतात, आणि ते योग्यच आहे. ही राख लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते; दगड आणि काचेचा धारदार भुगा असतो. इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आत चिकटते. जून १९८२ मध्ये जावातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. विमान कमी उंचीवर आल्यावर ती कशीबशी पुन्हा चालू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं.

बॅरनच्या रांगेतल्या एका थोरल्या भावाची राख मात्र महाराष्ट्रात पडलेली आहे. सुमात्रातला टोबा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला. त्याच्या काहिलीत आज शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ पांढुरक्या राखेचा थर आहे. त्याचं रसायन टोबाशी जुळतं; टोबाच्या कुठल्या उद्रेकातली ती, यावर अभ्यासकांत वाद आहे. तेवढा मोठा उद्रेक आणि बॅरनचा नेहमीचा उद्रेक यांत लाखो पटींचा फरक आहे.

समुद्राचं भय कुणाला?

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच आहे, लाट इथं येणार नाही. पण आपली किती पोरं नौदलात आहेत, किती जण अंदमानला नोकरीला, सहलीला जातात. म्हणून हेही सांगायला हवं.

बेटावरच्या ज्वालामुखीचा सर्वांत मोठा धोका बहुधा पाण्यातून येतो. १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटाऊ फुटला तेव्हा ३६ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली बहुतेक लाव्हारसानं नव्हे, त्सुनामीनं. त्याच काहिलीत १९२७ मध्ये नवा शंकू वर आला, अनाक क्राकाटाऊ, म्हणजे क्राकाटाऊचं लेकरू. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याची एक बाजू समुद्रात घसरली आणि उठलेल्या लाटेनं चारशेहून जास्त जीव घेतले. थरांनी बनलेल्या डोंगराची हीच कमजोरी: घट्ट थराखाली भुसभुशीत थर, आणि उतार थेट पाण्यात. माळवदाची कड जशी पावसाळ्यात न सांगता बसते. त्या रात्री मोठा भूकंप झालाच नव्हता, त्यामुळं भूकंपावर विसंबलेली इशारायंत्रणा वाजली नाही.

२००४ नंतर भारतानं हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र उभं केलं. २००७ पासून ते चालू आहे. भूकंपाच्या त्सुनामीसाठी ते फार मोलाचं आहे. पण बॅरनची बाजू घसरण्याची शक्यता शून्य म्हणता येत नाही, आणि तशा लाटेला अंदमानच्या किनाऱ्यावर पोचायला थोडाच वेळ लागेल. म्हणून त्या बेटाच्या उतारांची, समुद्राखालच्या भागाचीसुद्धा, सतत मोजदाद व्हावी असं मला मनापासून वाटतं. ओसाड बेट आहे म्हणून दुर्लक्ष करणं परवडणारं नाही.

आणि 'छोटा उद्रेक' हा शब्द लांबून बघणाऱ्याचा आहे. ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळच्या व्हाइट आयलंडवर, म्हणजे माओरी भाषेतल्या फाकारीवर, वाफेचा स्फोट झाला. ज्वालामुखीशास्त्राच्या मापानं तो लहानच होता. त्या क्षणी बेटावर ४७ माणसं होती; २२ जण दगावले. बॅरनवर सर्वसामान्यांना उतरू देत नाहीत, परवानगी काढून बोटीतून लांबूनच बघावं लागतं. तो नियम जाचक वाटला तर हा आकडा आठवावा.

मावशींनी हे सगळं ऐकून शेवटी एकच विचारलं, "मग त्या आगीचा आपल्याला उपयोग काय झाला?"

मी त्यांना आमच्या विहिरीचं सांगितलं. अख्ख्या काळ्या पाषाणातून पाण्याचा थेंब येत नव्हता. अण्णांनी मांजऱ्याला पहार लावली तेव्हा त्या छिद्राछिद्रांतून, भेगांतून आधी नुसता ओलावा आला, मग बोटभर धार. ६.६ कोटी वर्षांपूर्वी वायूचे बुडबुडे जिथं अडकले होते, त्याच थरात पावसाचं पाणी मुरून बसलं होतं. वडिलांनी ओंजळ लावली. पाणी गढूळ होतं, तरी ते प्यायले.